टेबलापलीकडचे साहेब

कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला लगेच खरं वाटेल त्याच्या पुढं सांगण्यात मजाही नाही. पण ज्या माणसानं जन्मात कुणाला कामावर ठेवलं नाही की कुणाला कामावरून काढलं नाही, त्याच्याकडे पगारवाढ मागायला बाटल्यांच्या अख्ख्या कारखान्यातली माणसं वर्षानुवर्षं यायची, तो तोंडावर ‘नाही’ म्हणायचा, आणि माणसं खूश होऊन घरी जायची. त्याला सगळे साहेब म्हणत. खरे साहेब कारखान्यात येत, बदलून जात, कुणाचं नावही कुणाच्या लक्षात राहत नसे; हे साहेब मात्र कायमचे. दिवसा ते बाटल्या तपासत. उजेडाच्या पांढऱ्या काचेसमोर स्टुलावर बसायचं, पट्ट्यावरून बाटल्या एकीमागून एक सरकत यायच्या, जिच्या अंगात चीर, पोटात बुडबुडा किंवा मानेत वाक दिसेल तिला दोन बोटांनी उचलून मागच्या पिंपात टाकायचं. पिंपाकडे बघायचं नाही. फुटल्याचा आवाज आला की समजायचं. बाटली भट्टीतून बाहेर पडायच्या आधीच तिला चीर कुठं जाणार हे साहेबांना दिसतं, असं कारखान्यात बोललं जायचं. बोलायचं कोण, तर साहेबच.

संध्याकाळी युनियनच्या ऑफिसात, वरच्या लांबट खोलीत, अभ्यासवर्ग भरायचा. तो सुरू केला थोरल्या चिटणीसांनी, जे आता भिंतीवर फोटोत असतात. त्यांचं म्हणणं असं, की कायदा पुस्तकात वाचता येतो, पगाराच्या चिठ्ठीतली कपात कुणीही समजावून देईल, पण समोर बसलेला माणूस गोड बोलून थाप मारतोय हे ओळखायला शिकवणारं पुस्तक अजून छापलेलं नाही. म्हणून खोलीच्या मधोमध एक लांब टेबल. अलीकडे सगळा वर्ग, खांद्याला खांदा लावून. पलीकडे एकच खुर्ची, आणि तिच्यात साहेब. वर्गानं मागण्या मांडायच्या, साहेबांनी त्या फेटाळायच्या, आणि फेटाळताना खरी वाटतील अशा दहा गोष्टींत एक थाप मिसळून द्यायची. कंपनी तोट्यात आहे, कच्चा माल महागला, वरून हुकूम आलाय, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय बाबांनो. ती थाप ज्याला सापडेल त्यानं उठून मोठ्यानं म्हणायचं, ‘साहेब, खोटं बोलताय!’ आणि कशावरून, ते सांगायचं. नुसतं ओरडलं तर साहेब त्याला असा सोलून काढत, की तो आठवडाभर कॅन्टीनमध्ये मान वर करत नसे. पण कारण बरोबर निघालं, की साहेब खुर्चीत मागे रेलत, दोन्ही हात वर करत, आणि वर्ग सुटला. जोवर खोटं पकडलं जात नाही तोवर वर्ग सुटत नाही, हा त्या खोलीतला कायदा. बायका घरी जेवणं झाकून वाट बघत बसत आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या बायकोला म्हणत, ‘अहो, तुमच्या साहेबांना जरा सोप्पं खोटं बोलायला सांगा ना!’

आणि ही खुर्चीच आता नव्हती. डोळ्याच्या ऑपरेशनमुळं साहेब काही आठवडे घराबाहेर पडले नव्हते. औषधाचे थेंब स्वतःचे स्वतःच घालायचे. जमिनीवर आडवं व्हायचं, बाटली डोळ्यावर धरायची, थेंब कानात जायचा, मग पुन्हा. शेजारची एकदा म्हणाली, ‘काका, हाक मारा हो, मी घालत जाईन,’ तर यांच्या तोंडून आधी ‘नाही’ गेलं आणि मग आभार. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच संध्याकाळी ते युनियनचा जिना चढले, दार उघडलं, आणि उंबऱ्यातच थबकले. टेबल भिंतीला लावलेलं. त्याच्यावर पाण्याचे जार. खुर्च्या सगळ्या एका दिशेला, ओळीनं, पुढच्या पडद्याकडे तोंड करून. पडद्यावर एक हसरी बाई हसऱ्या पुरुषाशी हात मिळवत होती. कुणाच्याच समोर कुणी नव्हतं. नव्या डोळ्यानं सगळं निळसर आणि नको इतकं स्पष्ट दिसत होतं, प्रत्येकाच्या मानेवरचे मुरूम, केसांच्या मुळांतला रंग. आणि साहेबांना वाटलं, की आपण चुकून पट्ट्याच्या मागच्या बाजूला आलो आहोत आणि बाटल्या आपल्याकडे पाठ करून चालल्या आहेत.

‘या ना काका, बसा,’ शिकवणारी मुलगी म्हणाली. ती बाहेरच्या संस्थेतून आलेली, गळ्यात ओळखपत्र, आवाज बसलेला. ‘कुठंही बसा, सगळ्यांबरोबर.’ सगळ्यांबरोबर! साहेब शेवटच्या ओळीत बसले. डावीकडे एका लोडरचा खांदा लागला, उजवीकडे पॅकिंगमधल्या एका बाईचा. यंत्रांचा आवाज अडवायला कानात घालायच्या बोळ्यांची दोरी लोंबत होती तिच्या गळ्यात, कामावरून तडक आलेली. इतक्या जवळ माणूस असलं की त्याचा चेहरा दिसत नाही, हे साहेबांना आत्ता कळलं. इतकी वर्षं त्यांनी या खोलीत चेहरेच चेहरे बघितले होते, खांदा एकही नाही. त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले. ज्या हातांखाली कायम टेबल असायचं त्यांना आता ठेवायला जागाच नव्हती.

नवा चिटणीस दाराशी उभा होता. हा त्यांच्याच वर्गातला. एके काळी त्यानं साहेबांची थाप इतक्या चटकन पकडली होती की वर्ग चहा यायच्या आत सुटला आणि सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. त्यानं साहेबांना खुणेनं बाहेर बोलावलं आणि जिन्यात उभं राहून हळू आवाजात म्हणाला, ‘साहेब, रागावू नका. वर्गाला माणसं येईनात. आता प्रमाणपत्र मिळतं म्हणून निदान येतात तरी.’

‘प्रमाणपत्र कशाचं?’

‘आज सकारात्मक संवाद. मागच्या वेळी प्रथमोपचार होता, तो चांगला झाला. खरंच चांगला, साहेब. परवा भट्टीवर एकाला भाजलं तर वर्गातल्या पोरींनीच सांभाळलं.’

‘अन् बोलणी? बोलणी कोण शिकवणार?’

चिटणीसानं कठड्यावरचा रंग नखानं खरवडला. ‘कुणाशी बोलणी करायची? पूर्वी समोर कुणीतरी बसायचं. हरामखोर असायचा, पण बसायचा. आता अर्धी माणसं ठेकेदाराची, ठेकेदार दुसऱ्या ठेकेदाराचा, आणि कंपनीचं उत्तर मेलवर येतं, खाली सही पण नसते. तुम्ही साहेब व्हायचात, ते कुणासारखे व्हायचात हे आम्हाला माहीत होतं. आता तुम्हाला कुणासारखं व्हायला सांगू?’

साहेबांनी सवयीनं म्हटलं, ‘नाही.’

‘काय नाही?’

‘वर्ग बंद करायचा नाही.’

चिटणीस हसला. त्या हसण्यात जुना पोरगा होता. ‘बरं, असं करू. आज तिचं संपलं की थोडा वेळ तुम्ही घ्या. एकानं, फक्त एकानं जरी उठून तुमचं खोटं पकडलं, तर पुढच्या आठवड्यापासून मी स्वतः टेबल मधे ओढतो. नाही पकडलं तर तुम्ही पण येऊन प्रमाणपत्र घ्यायचं. कबूल?’

‘कबूल,’ साहेब म्हणाले, आणि आपण टेबलाच्या अलीकडून बोललो, पहिल्यांदाच, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

आत पडद्यावर अक्षरं आली होती. ‘नाही’ हा शब्द टाळा. समोरच्याला वाईट वाटतं. त्याऐवजी म्हणा : आपण यातून मार्ग काढू. मुलगी सगळ्यांकडून म्हणून घेत होती आणि सगळे एका सुरात म्हणत होते, आपण यातून मार्ग काढू, आणि लोडर म्हणताना जांभई देत होता, त्यामुळं त्याचा मार्ग लांबत चालला होता. साहेबांनी ओठ हलवले. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडात इतकी वर्षं राहिला होता की दातांना त्याचा आकार आला असावा. थोरले चिटणीस म्हणायचे, नाही म्हणजे दार बंद नव्हे रे, नाही म्हणजे कडी वाजव. साहेबानं नाही म्हणायचं, समोरच्यानं पुन्हा यायचं, दुसऱ्या कारणानं यायचं, रागावून, हसून, आकडे घेऊन, बायकोला घेऊन, पण यायचं; हेच तर शिकायचं. वर्गातून सुटलेला माणूस नकाराला भीत नसे. ही गंमत साहेब घरी घेऊन जात. बायको म्हणायची, पडदे बदलायचे. हे म्हणायचे, नाही, कारणं सांग. ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, ‘अहो साहेब, कारण असं की पडद्यातून समोरच्या बिऱ्हाडातला म्हातारा दिसतो आणि त्या म्हाताऱ्याला आपण दिसतो.’ पडदे यायचे. लेकीला तर शाळेत जायच्या आधीपासून हा खेळ पाठ. वर्गाला आईबरोबर डबा घेऊन आली की टेबलाखाली शिरून बसायची आणि खालून, माणसांच्या पायांच्या गर्दीतून, तिचा आवाज यायचा, ‘बाबा, खोटं! बाबा पाय हलवतायत!’ सगळी खोली हसायची. त्यानंतर साहेबांनी खोटं बोलताना पाय हलवणं सोडलं. इतकं सोडलं, की पुढं खरं बोलतानाही त्यांचे पाय दगडासारखे राहत.

मग बायको गेली. घरात टेबल उरलं, दोन माणसं उरली. लेक दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, रक्त तपासायची. तीही एका परीनं चिरा शोधणारीच. एका संध्याकाळी ती समोर बसली आणि म्हणाली, ‘बाबा, मला लांब नोकरी मिळतेय. जाऊ का?’ तिनं विचारलं, हे महत्त्वाचं. सांगितलं नाही, विचारलं. आणि साहेबांच्या अंगात साहेब आले. त्यांना आठवतं, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, त्यांनी ताटाशेजारी मांडलेले दोन्ही हात. ते म्हणाले, नाही. कारणं सांग. तिनं सांगितली : इथं वर जायला वाव नाही, तिथं शिकवतात, राहायची सोय आहे. चांगली कारणं होती, वर्गात दिली असती तर साहेबांनी मनातल्या मनात शाबासकी दिली असती. त्यांनी एकेक उचललं आणि मागच्या पिंपात टाकलं. फुटल्याचा आवाज त्यांना आला नाही. शेवटी त्यांनी ठेवणीतली थाप काढली : ‘डॉक्टरांनी मला एकट्यानं राहायचं नाही म्हणून बजावलंय.’ सोपी थाप होती, मुद्दाम सोपी. आदल्याच आठवड्यात हीच त्यांच्या तपासणीचे कागद घेऊन आली होती, सगळं ठणठणीत म्हणून हसली होती. आता ती म्हणणार, बाबा, खोटं बोलताय. ते मागे रेलणार, दोन्ही हात वर करणार, आणि ती जाणार, ते तिला गाडीत बसवून देणार, इथवर त्यांच्या मनात सगळं तयार होतं. हात उचलायचेच बाकी होते.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. उजेडासमोरची बाटली बघावी तसं, नितळ आणि थोडा वेळ. मग म्हणाली, ‘बरं.’ उठली, दोन्ही ताटं उचलली, घासली. पुढच्या आठवड्यात ती कुणालाही न विचारता गेली. जाताना गोळ्यांच्या डब्यावर सकाळ-संध्याकाळ असं लिहून चिकटवून गेली, आणि त्या डब्यात गोळ्या नव्हत्याच, कारण त्यांना कुठल्या गोळ्या नव्हत्याच. खोटं तिनं पकडलं होतं. पकडून ते बोलून दाखवण्याइतकंसुद्धा तिला त्या टेबलाशी बसायचं नव्हतं. फोन येतो, ती विचारते, बरं आहे ना, हे म्हणतात, बरं आहे, आणि मग दोन्ही बाजूंनी खोलीतले पंखे ऐकू येतात. ऑपरेशनचं त्यांनी तिला कळवलं नाही. अनेक महिने ते वाट बघत राहिले की ती दुसरं कारण घेऊन येईल. कारणं तर किती होती! साहेबांनी तिच्या बाजूनं सगळी काढून ठेवली होती. रिकाम्या खुर्चीसमोर बसून ते ती मांडत आणि एकेक मान्य करत.

‘काका, तुम्हाला काही सांगायचंय म्हणे?’ मुलगी विचारत होती. लोक पिशव्या आवरत होते. चिटणीसानं दारातून हात वर करून सगळ्यांना बसवलं, ‘जरा थांबा रे, आपले जुने साहेब आहेत. नीट ऐका. एवढंच सांगतो, नीट ऐका.’

साहेब पुढं गेले. टेबल मधे नव्हतं, भिंतीला होतं, म्हणून त्यांनी त्याच्यावरच्या पाण्याच्या जारावर हात ठेवला. आणि सुरू झाले. आवाज लागला, पहिल्या दोन वाक्यांतच लागला, तसा जुना माणूस अंगात शिरला. मोठ्या संपाची गोष्ट. खरा मॅनेजर बोलणी करायला येतो पण ऐकत नाही, पंख्याच्या आवाजाचं निमित्त काढतो, ‘अरे, काय म्हणता, जोरात बोला!’ ते त्याच्या नाकातल्या आवाजात. मग भट्टीवरचा काच फुंकणारा मिस्त्री, जो बोलताना प्रत्येक शब्दाआधी श्वास भरून घ्यायचा, त्याची नक्कल, लोडर खदखदला. ‘त्या मिस्त्रीनं काय करावं? त्यानं रात्रंदिवस खपून एक बाटली फुंकली. केवढी? या खोलीपेक्षा उंच. मॅनेजर बघायला आला, वाकून आत डोकावला, आणि गेला घसरून आत! आता तो आत, आम्ही बाहेर. आतून ओरडतोय, ऐकू काही येत नाही, नुसतं तोंड उघडतंय आणि मिटतंय. आम्ही बाहेरून म्हणतोय, अरे, काय म्हणता, जोरात बोला! शेवटी बिचाऱ्यानं काचेवर तोंडाची वाफ धरली आणि बोटानं लिहिलं : मान्य. आम्ही बाहेरून वाचलं. सरळ, स्वच्छ अक्षरात, मान्य. आणि संप मिटला.’

साहेब थांबले. आतून काचेवर लिहिलेलं बाहेरून सरळ कसं दिसेल? इतकी मोठी चीर त्यांनी जन्मात कुठल्या थापेत ठेवली नव्हती. ती न दिसली तरी बाटलीत पडलेला मॅनेजर तरी दिसावा! त्यांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. चेहरे हसत होते. मग टाळ्या वाजल्या. एकानं मोबाइल वर धरून सगळं टिपलं होतं, तो म्हणाला, ‘एक नंबर, काका!’ शिकवणारी मुलगी भारावून म्हणाली, ‘किती प्रेरणादायी! बघा, संवादातून मार्ग निघतोच.’ दारातल्या चिटणीसानं मान खाली घातली. यांना गोष्ट खरी वाटली नव्हती, तेवढी काही ही माणसं खुळी नव्हती. खोटी आहे हे कळूनही कुणाला काही म्हणायचं नव्हतं. म्हातारा माणूस आहे, बोलतोय, बोलू दे, बरं. ताटं उचलल्यासारखा तो ‘बरं’ अख्ख्या खोलीत पसरला.

‘अजून एक आहे,’ साहेब म्हणाले, आणि पुढं काय सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं. लोडरनं पिशवी पुन्हा खाली ठेवली. ‘ही बोलणी घरातली. माझी लेक. नोकरीसाठी लांब जाते म्हणाली. मी म्हटलं, नाही.’ आता त्यांचा आवाज नाटकी राहिला नव्हता, पण त्यांच्या ते लक्षात आलं नाही. ‘म्हणाली, बाबा, इथं वर जायला वाव नाही. म्हणाली, तिथं शिकवतात. राहायची सोय आहे म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांनी मला एकटं राहू नको म्हणून सांगितलंय. थाप! साफ थाप. तिला कळली, उठून गेली. पण आपली पोरगी हो ती, याच टेबलाखाली वाढलेली. चार दिवसांनी पुन्हा आली. बसली समोर. म्हणजे, तशीच बसली, हात असे ठेवून. आणि बोलणी झाली. खूप बोललो आम्ही, खूप. सगळं बोलणं झालं. मी हात वर केले, म्हटलं, जा बाई, तू जिंकलीस, मी हरलो, माझं चुकलं म्हटलं. मी तिला गाडीवर सोडायला गेलो. खिडकीत बसली होती. दर आठवड्याला सुट्टीच्या दिवशी येते आता. ऑपरेशनच्या वेळी तर रजाच काढली तिनं. थेंब तीच घालायची. तर सांगायचं काय, की नाही म्हटलं तरी माणसं परत येतात. येतात.’

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, विरळ, उठता उठता वाजवल्यासारख्या, आणि खुर्च्या सरकत होत्या. शेवटच्या ओळीतली पॅकिंगमधली बाई मात्र उभी राहून तशीच थांबली होती, गळ्यातली दोरी मुठीत धरून. ती इतका वेळ एकदाही हसली नव्हती. तिनं घसा साफ केला. सवय नसलेल्या माणसाचा आवाज निघाला, गरजेपेक्षा मोठा.

‘काका, हे खोटं आहे.’

टाळ्या थांबल्या. चिटणीस दारातून एक पाऊल आत आला. साहेबांचे हात जारावरून सुटून अर्धे वर गेले आणि तिथंच राहिले.

‘कशावरून?’ त्यांनी विचारलं.

‘तुम्ही मघापासून सगळ्यांचं बोलणं सांगितलंत,’ ती म्हणाली. ‘मॅनेजर नाकातून कसा बोलला, मिस्त्री श्वास घेऊन कसा बोलला. लेकसुद्धा आधी काय काय म्हणाली, सगळं. पण ती परत आली, समोर बसली, इतकं बोलणं झालं म्हणता, तर त्यातला तिचा एक शब्द नाही तुमच्याकडे. आमच्या घरी पण असं निघून गेलेलं माणूस आहे, काका, मला माहितीय. ती आलेलीच नाही.’